बांध कोरू नकोस

पोरी, परवा तुझा आर्डुइनो उनो दोन तास चालून मध्येच अडकला आणि तू वायरी तपासत बसलीस. वायरी ठीक होत्या. आम्ही डॉसवर हेच भोगलंय, म्हणून चार गोष्टी सांगतो. मनात ठेव.

मशीन जिथे पडलं तिथे चूक शोधू नकोस; त्याआधी कुणी कुठे लिहिलं ते शोध. १९८१च्या आयबीएम पीसीत ८०८८ चिप होती. मेमरीला कुंपण घालायची तिच्यात सोयच नव्हती. पहिल्या १,०२४ बाइटमध्ये २५६ इंटरप्टचे पत्ते, प्रत्येकी चार बाइटचे. आमच्या टर्बो सी कंपायलरच्या लार्ज मॉडेलमध्ये रिकाम्या पॉइंटरवर तीस अक्षरं कॉपी केली, की ती थेट या पत्त्यांवर पडत. प्रिंट स्क्रीनचा पत्ता २०व्या बाइटवर. तो बिघडला तरी काम सुरळीत चाले. तासाभराने कुणी ती की दाबली की मशीन ठप्प, आणि बोल मात्र दाबणाऱ्याला.

आपलं माप आपणच मोजावं. दहाच्या अ‍ॅरेत नऊच अक्षरं मावतात. दहावी जागा शेवटच्या शून्याची. अकरावं काही लिहिलंस तर शेजाऱ्याचा बांध कोरलास. तुझ्या बोर्डावर रॅम फक्त २ केबी. वरून स्टॅक खाली येतो, खालून तुझा डेटा वर चढतो. मधली जागा राखून ठेव.

घास तोंडात धरून बसू नये. विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रॅमने स्वतःहून ताबा सोडला तरच दुसऱ्याची पाळी येई. एक जण लांबलचक लूपमध्ये अडकला की सगळ्या खिडक्या गोठत. म्हणून हिशेब तुकड्यांत करायचा आणि मध्ये मध्ये ताबा सोडायचा. तूही डिले घालून बोर्डाला खोळंबून ठेवू नकोस. मिलिस बघ, वेळ झाली असेल तेवढंच काम कर आणि पुढे हो.

चालवण्याआधी सेव्ह कर. आधी एफ२, मग कंट्रोल-एफ९, हे आमच्या बोटांत बसलं होतं. प्रोग्रॅम बिथरला तर टर्बो सीसकट सगळं मशीन जाई आणि सेव्ह न केलेलं कामही.

८०२८६ने १९८२ साली चिपमध्ये कुंपण आणलं, ८०३८६ने १९८५ साली ते भक्कम केलं. पण डॉसने त्याचा उपयोग केला नाही, आणि तुझ्या बोर्डावर तर ते नाहीच. जिथे असतं तिथेही ते बांध कोरणाऱ्याला पकडतं. चूक तरीही आपल्यालाच निस्तरावी लागते.

आज बसशील तेव्हा आधी एकेका अ‍ॅरेचं माप मोज. वायरींकडे नंतर बघू.