एकांताची घटका

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला एकांत व एकाकीपणा यांतील भेद सांगता येईल आणि स्वतःच्या दिनक्रमात एकांताला जागा शोधता येईल.

मूळ पाठ
एकाकीपणा वाट्याला येतो. एकांत मनुष्य स्वतः निवडतो. सतराव्या शतकात देहूचे संत तुकाराम चिंतनासाठी जवळच्या भंडारा डोंगरावर जात असत. वृक्षवेलींच्या सहवासातील एकांताचे सुख त्यांनी अभंगातून वर्णिले आहे.

परंतु प्रत्येकाला डोंगर कोठून लाभणार? खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचा दिवस घरकामात आणि शेतीच्या कष्टांत जाई. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मात्र हात कामात असले, तरी मन मोकळे राही. त्या मोकळ्या मनातून स्फुरलेली त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एकांतासाठी घर सोडावेच लागते असे नाही, हे त्यांच्या जीवनावरून कळते.

आजच्या शहरात हा एकांत कसा मिळवावा? बंगळूरूच्या इंदिरानगरचे उदाहरण घ्या. निवासी वसाहत म्हणून वसलेल्या या भागातील शंभर फुटी रस्ता आता दुकानांनी व उपाहारगृहांनी गजबजलेला असतो. येथे काम करणारे विक्रेते, पहारेकरी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांचा दिवस दुसऱ्यांच्या हाकेवर चालतो. अशांनी काय करावे? २०११ पासून येथे धावणाऱ्या मेट्रोत भ्रमणध्वनी पिशवीत ठेवून खिडकीबाहेर पाहावे. उद्यानातील बाकावर दहा मिनिटे शांत बसावे. वेळ थोडा असला, तरी नेमाने पाळावा.

घरातील स्त्री क्षणभर निवांत बसली, की ‘ती रिकामीच आहे’ असे समजून तिला हाक मारली जाते. वास्तविक तो तिचा स्वतःचा वेळ असतो. एकांत ही चैन नसून गरज आहे. म्हणून तो स्वतः मिळवावा, तसाच घरातील इतरांनाही मिळू द्यावा.

शब्दार्थ
घटका – चोवीस मिनिटांचा काळ. येथे, थोडा वेळ
स्फुरणे – आपोआप सुचणे
नेमाने – न चुकता

पाठगत प्रश्न
१. एकांत व एकाकीपणा यांत कोणता फरक आहे?
२. तुकाराम व बहिणाबाई यांच्या एकांतात कोणता भेद दिसतो?
३. तुमच्या घरात सर्वांत कमी एकांत कोणाला मिळतो? त्यासाठी तुम्ही काय कराल? पाच ओळी लिहा.