तीन झाडे

मृग नक्षत्र लागले, की परभणी जिल्ह्यातील काळ्या रानावर पाऊस दुरूनच दिसू लागतो. क्षितिजावर ढग दाटतात, पलीकडच्या शिवारावर सरी तिरकस कोसळतात आणि आपल्या बांधावरच्या लिंबावर मात्र अजून ऊन असते. हे दृश्य आपल्या नित्याच्या पाहण्यातले; म्हणून त्याचे चित्र होऊ शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

हॉलंड देशातील रेम्ब्रांट या थोर चित्रकाराने १६४३ साली अशाच एका देखाव्याचे चित्र केले. त्या वेळी इकडे बालशिवाजी तेरा वर्षांचे, म्हणजे तुमच्याच वयाचे होते. हे चित्र ‘तीन झाडे’ या नावाने ओळखले जाते.

या चित्रात रंग नाहीत. आहेत त्या केवळ काळ्या रेघा. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारख्या द्रव्याचा पातळ थर द्यावयाचा व त्यावर सुईने चित्र रेखाटावयाचे. मग पत्रा तेजाबात बुडविला, म्हणजे जेथे थर खरवडला गेला असेल तेथेच तेजाब तांबे खाते. या खाचांत शाई भरून वर ओला कागद दाबला, की चित्र उमटते. काही रेघा रेम्ब्रांटने पत्र्यावर हत्याराने थेट कोरल्या. तांब्यावरून छापण्याची विद्या पुढे महाराष्ट्रातही आली. १८०५ साली मिरज येथे तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली.

आता चित्र पाहू. ते सुमारे २८ सेंटिमीटर रुंद व २१ सेंटिमीटर उंच, म्हणजे आडव्या धरलेल्या मोठ्या वहीच्या पानाएवढेच आहे. पण त्यात केवढे आकाश मावले आहे! डावीकडे वरच्या कोपऱ्यात सरळ, तिरप्या रेघांनी पाऊस दाखविला आहे. उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडे उभी आहेत आणि त्यांच्यामागे आकाश उजळले आहे. उजेड व अंधार यांचा असा झगडा रंगविणे, हे त्या काळच्या बरोक शैलीचे वैशिष्ट्य होय.

पहिल्या दृष्टिक्षेपात एवढेच दिसते. परंतु जरा थांबून पाहिले, तर माणसे दिसू लागतात. खाली डावीकडे पाण्याच्या काठी एक मनुष्य गळ टाकून बसला आहे; जवळच एक स्त्री आहे. दूरच्या सपाट रानात गुरे चरत आहेत. झाडांमागून माणसांनी भरलेली एक गाडी चालली आहे. टेकडीवर अगदी उजव्या बाजूला एक इवलासा चित्रकारही चित्र काढीत बसला आहे! आकाशात एवढी खळबळ चालली असता या साऱ्यांचे काम मात्र शांतपणे सुरू आहे.

यांपैकी कोणी राजा नाही, कोणी सेनापती नाही. तरीही रेम्ब्रांटने त्यांना झाडांइतक्याच जिव्हाळ्याने चित्रात स्थान दिले. याच जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. दळण, कांडण, झाडलोट अशी कष्टाची कामे त्यांच्या अभंगांत आली आणि त्यांना मोल चढले. रेघ असो वा अभंग, पाहणाऱ्याच्या मनात आस्था असेल, तर साधे कामही कलेचा विषय होते.

मुलांनो, ज्याकडे आपण रोज पाहतो, ते आपण नीट पाहिलेलेच असते असे नाही. चित्र पाहताना घाई करू नये, आणि आपले शिवार पाहतानाही करू नये. तेथेही कोणीतरी पाठ वाकवून काम करीत असेल. त्याच्याकडे आपले लक्ष जावयास हवे.

शब्दार्थ : शिवार – गावची शेतजमीन, तेजाब – धातू खाणारे तीव्र आम्ल, आस्था – आपुलकी, कळकळ.

स्वाध्याय
१. तांब्याच्या पत्र्यावरून चित्र कसे छापले जाते?
२. जरा थांबून पाहिल्यावर या चित्रात कोण कोण दिसते?
३. रेम्ब्रांटचे चित्र व जनाबाईंचे अभंग यांत लेखकास कोणते साम्य दिसते?
४. तुमच्या गावातील एखादे काम चालू असताना पाव तास निरीक्षण करा व दहा ओळी लिहा.