नवी स्प्रिंग रुळते म्हणजे काय होते?

नवी कोल्हापुरी वहाण पहिले आठ दिवस पायाला चावते आणि मग रुळते, हे आपल्या घरात सर्वांना ठाऊक असते. चामडे मऊ पडते, पायाचा आकार घेते. परंतु स्प्रिंगही रुळावी लागते असे कोणी सांगितले, तर हूकचा नियम पाठ केलेला विद्यार्थी साहजिकच बुचकळ्यात पडेल. स्प्रिंग स्थितिस्थापक आहे, वजन काढले की ती मूळ लांबीवर येते, मग पहिला दिवस आणि दहावा दिवस यांत फरक कसला?

हा प्रश्न जंपिंग स्टिल्ट वापरणाऱ्यांना नेहमी पडतो. छत्तीसगडात हरेलीच्या सणाला मुले बांबूच्या गेडीवर चढून चालतात, ती तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल. जंपिंग स्टिल्ट ही त्या गेडीची उड्या मारणारी बहीण समजा. जर्मनीतील अलेक्झांडर ब्योक यांना तिच्याबद्दल २००४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. पायाला पट्ट्यांनी बांधलेला धातूचा सांगाडा आणि त्याच्या मागे धनुष्यासारखा वाकणारा फायबरग्लासचा लांब पाटा, अशी तिची रचना असते. खाली रबरी टाच असते. तुम्ही खाली आलात की पाटा वाकतो आणि सरळ होताना तुम्हाला वर फेकतो. नव्या पाट्यावर पहिल्याच दिवशी मोठ्या उड्या मारू नका, आधी तो रुळू द्या, असा सल्ला जुने खेळाडू देतात. या सल्ल्यात भौतिकशास्त्र किती आणि सवय किती, ते पाहू.

प्रथम पाट्यावर किती बल येते त्याचा हिशेब करू. समजा, तुमचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आहे, म्हणजे वजन सुमारे ५०० न्यूटन. दोन्ही पायांवर शांत उभे राहिल्यावर पाटे ५ सेंटिमीटर दबतात असे धरू. (हे आकडे गणित सोपे व्हावे म्हणून घेतले आहेत. खऱ्या पाट्याचे दबणे तुम्ही फूटपट्टीने मोजू शकाल.) तेव्हा दोन्ही पाट्यांचा मिळून स्थिरांक ५०० ÷ ०.०५ = १०,००० न्यूटन प्रति मीटर होतो.

आता टाच जमिनीला टेकण्याआधी तुम्ही ६० सेंटिमीटर खाली पडलात. टेकल्यावर पाटे आणखी क्ष मीटर दबले, तर वजनाने केलेले कार्य ५०० × (०.६ + क्ष) ज्यूल, आणि पाट्यांत साठलेली ऊर्जा ½ × १०,००० × क्ष² ज्यूल. दोन्ही समान मांडून वर्गसमीकरण सोडवा. क्ष = ०.३ मीटर येते. म्हणजे त्या क्षणी पाट्यांवरील बल ३,००० न्यूटन, वजनाच्या सहापट! उभे असताना एका पाट्यावर २५० न्यूटन होते, ते आता १,५०० झाले.

हेच गणित उलट बाजूने केले तर अधिक उपयोगी पडते. बल वजनाच्या तिप्पट व्हायला केवळ ७.५ सेंटिमीटरचे पडणे पुरते. चौपटीसाठी २०, पाचपटीसाठी ३७.५ आणि सहापटीसाठी ६० सेंटिमीटर. उंची शून्य असली, म्हणजे टाच नुसती जमिनीला टेकलेली असताना सगळा भार एकदम सोडला, तरी बल दुप्पट होते! आपण ज्याला 'हळू उडी' म्हणतो ती पाट्याच्या दृष्टीने तितकीशी हळू नसते, हे यावरून लक्षात येईल.

आता पाट्याच्या आत डोकावू. फायबरग्लास म्हणजे काचेचे बारीक तंतू राळेत, बहुधा इपॉक्सी राळेत, बसवून केलेला संमिश्र पदार्थ. भार मुख्यतः तंतू पेलतात. राळ त्यांना जागच्या जागी धरून ठेवते आणि एका तंतूवरचा भार शेजारच्याकडे पोहोचवते. लक्षावधी तंतूंपैकी काही कारखान्यातच ओरखडलेले असतात, काही थोडे वाकडे बसलेले असतात. राळेतही कोठेतरी हवेचा सूक्ष्म बुडबुडा राहिलेला असतो. पाटा प्रथमच जोराने वाकला की यांतले सर्वांत दुबळे तंतू तुटतात, राळेत बारीक चिरा पडतात आणि त्यांचा भार शेजाऱ्यांवर जातो. त्यामुळे पाट्याचा ताठपणा किंचित कमी होतो. संमिश्र पदार्थ पुन्हा पुन्हा वाकवून घेतलेल्या चाचण्यांत हे स्पष्ट दिसते. आरंभी ताठपणा झपाट्याने थोडा उतरतो, मग फार मोठा काळ तो जवळजवळ स्थिर राहतो आणि शेवटी तुटण्याच्या सुमारास पुन्हा वेगाने घसरतो. पाटा 'रुळतो' तो या पहिल्या टप्प्यात.

या तुटण्याचा आवाजही होतो. पुष्कळसा आपल्या कानाच्या आवाक्यापलीकडचा असतो आणि तो टिपायला संवेदक चिकटवावे लागतात. जर्मनीत म्युनिक येथे योझेफ कायझर यांनी १९५० साली धातूंच्या बाबतीत एक मोठी मौजेची गोष्ट नोंदवली. पदार्थावर एकदा विशिष्ट भार दिला की दुसऱ्या वेळी त्या भारापर्यंत तो गप्प राहतो आणि तो भार ओलांडला की पुन्हा बोलू लागतो. जणू आजवर सोसलेला सर्वांत मोठा भार त्याच्या स्मरणात असतो! फायबरग्लासमध्येही हा परिणाम आढळतो. एवढेच नव्हे, तर पूर्वीच्या भाराच्या आतच आवाज येऊ लागला, तर आतील इजा वाढते आहे अशी शंका घेतली जाते. फायबरग्लासच्या टाक्यांची तपासणी करताना अभियंते या गोष्टीचा उपयोग करतात.

मग हळूहळू रुळवण्याने काय साधते? पडायच्या त्या चिरा पडणारच. त्या भरून येत नाहीत आणि पाटा बळकटही होत नाही. काही जण तसे मानतात, ते मला पटत नाही. खरा लाभ निराळा आहे. पाट्यात कारखान्याचा मोठा दोष राहिला असेल, तर तो तिप्पट बलाला, तुम्ही जमिनीपासून वीतभरही वर नसताना, उघडा पडण्याची संधी मिळते. शिवाय नवे बोल्ट आणि सांधे पहिल्या तासाभरात जागेवर बसतात व सैल होतात. ते पुन्हा आवळावे लागतात. आणि तुमचे पायही शिकत असतात. 'पाटा मऊ झाला' असे वाटण्यात याचाही वाटा बराच असावा. म्हणून पायऱ्या करा. आधी नुसते झुलणे, मग वीतभर उडी, आणि प्रत्येक पायरीनंतर पाटे पुसून उजेडात पाहणे. पांढुरका डाग, सुटलेला तंतू, कडेला खोल ओरखडा किंवा नव्याने येणारी करकर, यांपैकी काहीही दिसले वा ऐकू आले, तर त्या पाट्यावर उडी मारायची नाही. हेल्मेट आणि गुडघ्यांचे पट्टे हवेतच.

पोलादी स्प्रिंगची गोष्ट मात्र वेगळी. तिला कारखान्यातच मुद्दाम रुळवतात. दाबाची नवी स्प्रिंग वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत काही वेळा दाबली जाते. तारेचा पृष्ठभागाजवळचा थर स्थितिस्थापक मर्यादा ओलांडतो आणि स्प्रिंगची लांबी कायमची थोडी घटते. भार काढल्यावर आतला भाग मूळ आकाराकडे ओढतो, म्हणून त्या थरात उलट दिशेचे प्रतिबल शिल्लक राहते. पुढे स्प्रिंग त्याच दिशेने दाबली की आधी हे उलट प्रतिबल फिटते. त्यामुळे ती पूर्वीपेक्षा अधिक भार सोसते आणि पुन्हा आखूड होत नाही. इथे रुळवण्याने खरोखरच बळ वाढते, पण त्या एकाच दिशेने.

पदार्थाची ही स्मरणशक्ती शाळेतही पाहता येते. त्यासाठी सायकलच्या नव्या ट्यूबमधून १ सेंटिमीटर रुंद व सुमारे २० सेंटिमीटर लांब पट्टी कडा न फाटू देता कापा. ती टांगून खाली पारडे बांधा. शंभर शंभर ग्रॅम वाढवत १ किलोग्रॅमपर्यंत जा आणि दर वेळी लांबी लिहा. वजने उतरवा. हेच आणखी दोनदा करा आणि तिन्ही आलेख एकाच कागदावर काढा. पहिला आलेख वेगळा पडेल. दुसरा आणि तिसरा एकमेकांच्या जवळ असतील आणि त्यांत त्याच वजनाला पट्टी अधिक ताणलेली दिसेल. चौथ्या वेळी १.५ किलोग्रॅमपर्यंत जा. १ किलोग्रॅम ओलांडल्यावर आलेख कोठे वळतो, ते पाहा. काजळी मिसळलेल्या रबराच्या या वागण्याला ब्रिटिश शास्त्रज्ञ मलिन्स यांचे नाव दिलेले आहे. पट्टी तुटली तर उसळते, म्हणून तोंड दूर ठेवा. नंतर पट्टी रात्रभर सैल ठेवून दुसऱ्या दिवशी तीच वाचने पुन्हा घ्या आणि तिने कालचे किती विसरले, ते सेंटिमीटरमध्ये मोजा.