चरखा, माग आणि गिऱ्हाईक

विद्यार्थीमित्रहो, १५ ऑगस्टच्या प्रातःकाळी शाळेच्या पटांगणावर तिरंगा चढतो, तेव्हा आपण सर्वजण त्यास वंदन करतो. परंतु ते वस्त्र कोणी कातले, कोणी विणले आणि त्या श्रमातून कोणाच्या घरची चूल पेटली, याचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. आज तो करू.

आपल्या मराठवाड्यातील शेती बव्हंशी पावसावर अवलंबून. सुगी सरली की मजुराच्या हाताला काम उरत नाही. मग कित्येक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस परमुलखी जातात. उचल फिटेपर्यंत परतणे नाही. आणि मुलांची शाळा मध्येच सुटते ती सुटतेच. म्हणून ज्यास दारिद्र्य हटवावयाचे आहे, त्याने वर्षातील ते रिकामे महिने गावातच भरून काढले पाहिजेत.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ (१९०३–१९७२) यांचे नाव आपणांस ठाऊक आहेच. पूर्वायुष्यात ते कामगार चळवळीत होते आणि पुढे हिप्परग्याच्या शाळेत शिक्षक होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. परंतु राज्य पालटल्याने रिकामे हात आपोआप कामास लागत नाहीत. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती स्वामीजींच्या पुढाकाराने उभी राहिली, ती याच कामासाठी.

खादीच्या कामाची रीत अशी. संस्था पेळू पुरविते. कातणारीण अंबर चरख्यावर सूत काढते आणि गुंड्या मोजून तिला मजुरी मिळते. एक गुंडी म्हणजे हजार मीटर सूत! पुढे विणकर हातमागावर कापड विणतो. ध्वजाचे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणले जाते. धुलाई व रंगणी झाल्यावर नांदेडास त्यावर अशोकचक्र उमटते आणि ध्वज शिवला जातो.

यातील बोध ध्यानात घ्यावा. एखाद्या गरीब भगिनीस नुसता चरखा दान दिला असता, तर काय झाले असते? पेळू कोठून आणावे व सूत कोणास विकावे, हे न कळून तो कोपऱ्यात धूळ खात पडला असता. साधन, शिक्षण, कच्चा माल आणि गिऱ्हाईक हे चारही दुवे जुळले, तरच त्यास रोजगार म्हणावे.

ही मजुरी थोडी असते. एकट्या चरख्यावर संसार वर येत नाही, हे आम्ही लपवीत नाही. परंतु ती गावात मिळते व तिच्यामागे उचलीचे ओझे नसते.

आज डळमळतो आहे तो शेवटचा दुवा. २००२ च्या ध्वजसंहितेनुसार ध्वज हातकताई व हातविणीच्या कापडाचाच असे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरील व पॉलिएस्टरच्या ध्वजांसही मुभा मिळाली. त्यामुळे स्वस्त ध्वज घरोघर पोचला, हे चांगलेच. परंतु हातमागाचे गिऱ्हाईक दुरावण्याचे भय निर्माण झाले.

तेव्हा पालकहो, शाळेसाठी वा घरासाठी ध्वज घेताना, निदान एक पंचा घेताना, तो कोणाच्या हातचा आहे हे विचारावे. उदगीरचा माग चालू ठेवणारा शेवटचा दुवा आपणच आहोत.