पेज टेबलच्या एंट्री बॅचनं बदलण्याची कृती

एक जीबी मेमरी चार केबीच्या पानांनी भरलेली असली, की तिच्यासाठी पेज टेबलात २,६२,१४४ एंट्री लागतात. प्रोसेसनं ती मेमरी सोडली, तिच्यावरचे हक्क बदलले किंवा फोर्क केला, की कर्नलला यातल्या प्रत्येक एंट्रीला हात लावावा लागतो. एंट्री जेमतेम आठ बाइटची; ती लिहायला वेळ लागत नाही. वेळ खातं ते तिच्या अवतीभवतीचं काम: पानाचा रेफरन्स काउंट ॲटॉमिक पद्धतीनं बदलणं, मॅपकाउंट बदलणं, टीएलबीत साठून राहिलेलं जुनं भाषांतर काढून टाकणं, आणि त्यासाठी इतर सीपीयूंना इंटरप्ट पाठवून ते उत्तर देईपर्यंत थांबणं. बॅचिंग म्हणजे हे काम दर एंट्रीमागे न करता अनेक एंट्री मिळून एकदा करणं.

खाली दिलेली कृती लिनक्स कर्नलची आहे. तुमच्यासमोर एक फंक्शन आहे, ते एका पल्ल्यातल्या एंट्रीवर एकेक करून फिरतं, आणि तुम्हाला ते बॅचवर आणायचं आहे, असं धरून चालू. यात लूप बदलणं हा सोपा भाग. कोणतं काम मागं ढकललं तरी चालतं आणि कोणतं मुळीच चालत नाही, हे ठरवणं हा खरा कस आहे, म्हणून त्या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे.

आधी मोजा. एक छोटा प्रोग्राम लिहा: एक जीबीचं अनामिक मॅपिंग घ्या, प्रत्येक पानाला स्पर्श करा, मग फोर्क, एमप्रोटेक्ट किंवा एमअनमॅप यांपैकी तुमची क्रिया करा आणि तेवढाच वेळ मोजा. हे दोन प्रकारे करा. एकदा साध्या चार केबीच्या पानांवर, आणि एकदा ६४ केबीच्या मोठ्या फोलिओंवर. ट्रान्सपरंट ह्यूजपेजच्या सिसएफएस फोल्डरात प्रत्येक आकाराची वेगळी सेटिंग कर्नल ६.८ पासून मिळते, तिथे ६४ केबीचा आकार चालू करा.

टेस्ट एकाच थ्रेडची असेल, तर टीएलबी शूटडाउनचा खर्च तुम्हाला दिसणारच नाही. इंटरप्ट फक्त त्याच सीपीयूंना जातो जिथे या प्रोसेसचा पत्ता-अवकाश सध्या वापरात आहे. म्हणून आणखी काही थ्रेड वेगवेगळ्या सीपीयूंवर नुसते फिरत ठेवा आणि टेस्टच्या आधी व नंतर प्रॉकमधल्या इंटरप्ट्स फाइलची टीएलबी ही ओळ पाहा. एक्स८६वर हा आकडा थेट वाढताना दिसतो. आर्म६४वर तसा इंटरप्ट नसतो, तिथे टीएलबी रद्द करण्याची सूचना हार्डवेअरच सगळ्या कोअरना पोचवतं. पण ती पुरी झाल्याची खात्री करणारा बॅरिअर तिथेही लागतो आणि तिथेही थांबावं लागतं. पर्फच्या रेकॉर्डमध्ये वेळ ॲटॉमिकमध्ये जातोय, फ्लशमध्ये की पान मोकळं करण्यात, हे वेगळं काढा. फ्लशचा वाटा नगण्य असेल तर फ्लशच्या मागे लागू नका.

पल्ला कापून घ्या. बॅच एकाच पेज टेबल पानाच्या आत राहिली पाहिजे, कारण लॉक त्या पानाचं असतं. एका पानात ५१२ एंट्री, म्हणजे दोन एमबीचा पल्ला. मोठा पल्ला आला तर तो पीएमडीच्या सीमेवर, व्हीएमएच्या शेवटावर आणि मागितलेल्या शेवटावर, यांत जे आधी येईल तिथे कापा. उरलेल्या एंट्रींची संख्या हीच बॅचची कमाल मर्यादा.

बॅच मोजा. लॉक घ्या, पहिली एंट्री वाचा. ती प्रेझेंट असेल आणि तिचं पान मोठ्या फोलिओतलं असेल, तरच पुढे पाहा. हे काम फोलिओ_पीटीई_बॅच हे फंक्शन करतं: पुढच्या एंट्री त्याच फोलिओच्या लागोपाठच्या पानांकडे बोट दाखवतात का आणि त्यांचे हक्काचे बिट सारखे आहेत का, हे तपासून ते संख्या देतं. ॲक्सेस्ड बिट ते विचारात घेत नाही. डर्टी, सॉफ्ट-डर्टी आणि रायटेबल या बिटांचं काय करायचं, हे मात्र तुमच्या क्रियेवर ठरतं, आणि त्यासाठी फ्लॅग आहेत. मॅपिंग काढून टाकायचं असेल तर डर्टी बिटातला फरक आड येत नाही, कारण सगळ्यांचे बिट शेवटी एकत्र करून फोलिओवर नोंदवता येतात. एंट्री जागेवर राहणार असतील आणि फक्त हक्क बदलणार असतील, तर एका एंट्रीचा डर्टी बिट शेजारच्या पंधरांवर पसरता कामा नये.

इथे आर्म६४ची एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. कर्नल ६.९ पासून तिथे चार केबीच्या सोळा लागोपाठ एंट्री एकत्र जोडून ६४ केबीचा एकच टीएलबी नोंद-गट करता येतो. हार्डवेअर मग ॲक्सेस्ड आणि डर्टी बिट त्या सोळांपैकी कुठल्याही एंट्रीवर लावू शकतं. त्यामुळे एक एंट्री खरी वाचायची, तर सोळाही वाचून बिट गोळा करावे लागतात. आता जुनं लूप यावर चालवून पाहा: सोळा एंट्री, प्रत्येकीसाठी सोळा वाचनं, एकूण २५६. बॅचमध्ये हे गोळा करणं एकदाच होतं. शिवाय जुन्या लूपनं गटातली पहिली एंट्री बदलताच अख्खा गट मोडावा लागतो, आणि मोडण्यासाठी जादा फ्लश. सोळाही एकदम बदलल्या तर गट मोडायची वेळच येत नाही. या आर्किटेक्चरवर बॅचिंगचा फायदा इतका ठळक का दिसतो, ते यावरून कळेल.

बदल एकदाच करा. एकेक एंट्रीसाठीच्या फंक्शनांना आता अनेकवचनी भावंडं आहेत: नवीन एंट्री लिहायला सेट_पीटीईज, लिहिण्याचा हक्क काढायला डब्ल्यूआरप्रोटेक्ट_पीटीईज, वाचून पुसायला गेट_अँड_क्लिअर_फुल_पीटीईज. शेवटचं फंक्शन सगळ्या एंट्रींचे ॲक्सेस्ड आणि डर्टी बिट एकत्र करून एकच एंट्री परत देतं. रेफरन्स काउंटही एका फटक्यात संख्येनं वाढवा किंवा कमी करा, मॅपकाउंटसाठी आरमॅपची पीटीईज-वाली फंक्शनं वापरा, आणि आरएसएस काउंटरमध्ये एक नव्हे तर बॅचची संख्या टाका.

बॅचमधल्या एंट्री सारख्या असल्या, तरी त्यांच्या मागची पानं सगळ्या बाबतींत सारखी असतीलच असं नाही. अनामिक पानांवर, हे पान फक्त याच प्रोसेसचं आहे, अशी खूण दर पानामागे वेगळी असते. एमप्रोटेक्टमध्ये लिहिण्याचा हक्क परत देताना ही खूण बघावीच लागते; म्हणून तिथे बॅचच्या आतही सारख्या खुणेच्या छोट्या तुकड्या पाडाव्या लागतात. ही तपासणी गाळून पहिल्या पानाची खूण सगळ्यांना लावली, तर फोर्कनंतर दोन प्रोसेस एकाच पानावर लिहायला मोकळ्या होतील.

फ्लश कधी, हे ठरवा. क्रम असा: एंट्री पुसा, टीएलबी फ्लश करा, मग पान मोकळं करा. बॅचिंगमध्ये आपण फ्लश पुढे ढकलतो, म्हणजे मधला काळ लांबवतो. त्या काळात दुसऱ्या सीपीयूवरचा थ्रेड जुन्या भाषांतरानं पानावर वाचू-लिहू शकतो. म्हणून पहिला प्रश्न: फ्लश होईपर्यंत पानावरचा रेफरन्स कोणाच्या हातात आहे?

एमअनमॅपमध्ये उत्तर सरळ आहे. एमएमयू_गॅदर ही रचना पुसलेल्या एंट्रींची पानं आपल्या यादीत धरून ठेवते, रेफरन्स तिच्याकडे असतो. फ्लश झाल्यावरच ती पानं सोडते. त्यामुळे लॉक आधी सोडलं तरी पान दुसऱ्या कोणाला दिलं जात नाही.

एमरीमॅपमध्ये हे उत्तर लागू पडत नाही, आणि २०१८ मध्ये ते महागात पडलं. तिथे एंट्री जुन्या पत्त्यावरून उचलून नव्या पत्त्यावर ठेवली जाते. पानाचा रेफरन्स तिच्याबरोबर जातो. फ्लश मात्र सगळं हलवून झाल्यावर, लॉक सोडल्यानंतर होत असे. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडनं एफट्रंकेट केलं, तर त्याला नव्या पत्त्यावर पान सापडतं. तो ती एंट्री पुसतो, नवा पत्ता फ्लश करतो आणि पान मोकळं करतो. त्याच्या बाजूनं सगळं नियमानुसार. पण जुन्या पत्त्याचं भाषांतर तिसऱ्या सीपीयूच्या टीएलबीत अजून जिवंत असतं, आणि तिथला थ्रेड आता दुसऱ्याच कोणाच्या पानावर लिहीत असतो. गूगल प्रोजेक्ट झीरोच्या यान हॉर्न यांनी ही त्रुटी शोधली, तिला सीव्हीई-२०१८-१८२८१ हा क्रमांक मिळाला, आणि दुरुस्तीत फ्लश लॉकच्या आत आणला गेला. तुमच्या क्रियेत एंट्री पुसून पान दुसरीकडे दिसू लागत असेल, तर फ्लश लॉक सोडण्यापूर्वीच करा. तिथे वेग वाचवायला जाऊ नका.

रेफरन्स हातात असला तरी एक भोक उरतं. शेअर्ड फाइल मॅपिंगवरच्या डर्टी एंट्रीचा विचार करा. तुम्ही ती पुसली, डर्टी असल्याची नोंद पानावर केली, लॉक सोडलं, फ्लश बाकी आहे. राइटबॅक येतो, त्याला पेज टेबलात काही सापडत नाही, तो पान डिस्कवर लिहून स्वच्छ ठरवतो. इकडे शिळ्या टीएलबीतून आणखी एक लिखाण होतं आणि ते डिस्कवर कधीच पोचत नाही. पान जिवंत राहिलं, डेटा हरवला. २०१४ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एमएमयू_गॅदरचे फ्लश करणं आणि पानं सोडणं असे दोन भाग केले, ते याचसाठी: असं डर्टी पान आलं की नुसता फ्लश लॉकच्या आतच उरकता यावा.

तिसरी बाजू दुसऱ्या वाटांची आहे. मेमरी रिक्लेममधला फ्लश २०१५ मध्ये बॅचवर आला. त्यात एंट्री पुसली जाई आणि फ्लश उधार राही. तेवढ्यात त्याच प्रोसेसमध्ये एमप्रोटेक्ट आला तर त्याला एंट्री रिकामी दिसे, बदलायला काही नाही म्हणून तो फ्लश न करताच परतत असे, आणि लिहिण्याचा हक्क काढला असं सांगितलेल्या पानावर लिहिता येत असे. नदाव अमित यांनी हे २०१७ मध्ये निदर्शनास आणलं. उपाय म्हणून एमएमच्या रचनेतच उधार फ्लशची खूण ठेवली गेली. पेज टेबल लॉक घेऊन काम करणाऱ्या वाटा ती खूण पाहतात आणि आधी उधारी चुकती करतात. तुम्ही फ्लश ढकलत असाल तर ही खूण लावली आहे ना, आणि तुमचं फंक्शन दुसऱ्यांची खूण वाचतं ना, दोन्ही तपासा.

बॅचला मर्यादा घाला. बॅच जितकी मोठी तितकी चांगली, हे खरं नाही. एक्स८६वर ३३ पानांपेक्षा मोठा पल्ला फ्लश करायचा झाला, की कर्नल एकेक पत्ता रद्द न करता अख्खा टीएलबी रिकामा करतो. मग ज्या पानांचा काही संबंध नाही त्यांचीही भाषांतरं जातात. दुसरं, पानं सोडायला वेळ लागतो आणि प्रीएम्प्ट नसलेल्या कर्नलवर तो सलग लागतो. सॉफ्ट लॉकअप येऊ लागल्यानं २०१३ मध्ये एमएमयू_गॅदरची यादी सुमारे दहा हजार पानांवर रोखली गेली. मोठ्या फोलिओंमुळे यादीच्या एका नोंदीमागे आता कितीतरी पानं असू शकतात. सोडताना पान शून्यानं भरण्याचा पर्याय चालू असेल तर मोजायची ती पानंच. आणि यादीसाठी नवं पान मिळालं नाही तर तिथल्या तिथे फ्लश करून यादी मोकळी करा. मेमरी सोडायला निघालेल्या वाटेनं मेमरीसाठी अडून बसणं बरोबर नाही.

लेझी एमएमयू मोड. लूपच्या आधी तो चालू करा, लॉक सोडण्यापूर्वी बंद करा. झेनसारख्या पॅराव्हर्च्युअल पाहुण्या सिस्टिममध्ये एंट्रीचे बदल यामुळे साठवून हायपरवायझरला एकत्र सांगितले जातात. मोड चालू असताना लिहिलेली एंट्री लगेच वाचली तर जुनी किंमत दिसू शकते, एवढं लक्षात असू द्या.

तपासा. डीबग व्हीएम, पेज टेबल चेक, केॲसॅन आणि लॉकडेप चालू करून कर्नल बांधा आणि सेल्फटेस्टमधल्या एमएम फोल्डरातल्या टेस्ट चालवा. मग डीमेसेज वाचा. बॅड आरएसएस-काउंटर स्टेट ही ओळ प्रोसेस संपताना आली, तर कुठेतरी बॅचच्या संख्येऐवजी एक मोजला गेला आहे. बॅड पेज मॅप आलं तर मॅपकाउंटची संख्या पाहा. फ्लशच्या चुका मात्र या साधनांच्या हाती सहसा लागत नाहीत. त्यासाठी कागद घ्या, दोन सीपीयूंचे दोन रकाने आखा आणि वरचे तिन्ही प्रसंग तुमच्या कोडवर ओळीओळीनं चालवून पाहा.

शेवटी पहिल्या पायरीतली मोजमापं पुन्हा घ्या, आणि चार केबीच्या एकट्या पानांचा आकडा आधी बघा. बहुतेक वर्कलोडमध्ये अशी पानं अजूनही भरपूर असतात. तो आकडा बिघडला असेल तर बॅच मोजणारं फंक्शन मोठ्या फोलिओखेरीज बोलावूच नका, आणि आतलं काम करणारं फंक्शन सक्तीनं इनलाइन करून संख्या एक असतानाची वाट वेगळी लिहा. कंपायलर मग तिथलं लूप काढून टाकतो. दोन्ही आकारांचे आकडे पॅचच्या वर्णनात शेजारी शेजारी द्या, आणि फ्लश नेमक्या कुठल्या लॉकखाली होतो ते एका वाक्यात लिहा. रिव्ह्यू करणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.