शेजारणीचं क्रीम आईला लावावं का?

प्रश्न : आई ६२ वर्षांची, मधुमेही. पोटऱ्या कोरड्या पडून खाजतात, टाचांना भेगा आहेत. युरियाचं क्रीम झोंबतं. शेजारणीने दिलेल्या क्रीमने मात्र लगेच आराम पडतो. तेच लावू का?
– एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : आधी शेजारणीची ट्यूब वाचा. तिच्यावर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असेल, तर ते स्टेरॉइड आहे. आपल्या मनाने लावू नका. पनवेलच्या दमट हवेत खाज पुष्कळदा नायट्याची असते. स्टेरॉइडने ती दबते, नायटा मात्र पसरत राहतो आणि कातडी पातळ होते. अशी क्रीम्स २०१८पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती घरोघरी फिरतात, याची मला फार काळजी वाटते.

युरिया उघड्या चिरेत गेला की झोंबतोच. भेगा भरेपर्यंत तिथे साधं व्हॅसलीन लावा. पोटऱ्यांवर नायटा नसेल, तर आंघोळीनंतर अंग टिपून, त्वचा ओलसर असतानाच १० टक्के युरियाचं क्रीम लावा. बोटांच्या बेचक्यांत नको, तिथे ओल साचते. मधुमेहामुळे आईंना पायाची जखम कदाचित जाणवणारही नाही, म्हणून तळवे रोज तुम्हीच पाहा. रक्त, पू किंवा काळपटपणा दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.