जपानी क्रियापदाचा आदरार्थी भूतकाळ

पाटण तालुक्यातील कोयनानगर येथे 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे भूकंप झाला. ही घटना जपानी पाहुण्यास सांगावयाची झाल्यास ‘कोयनानगर दे जिशिन गा आरिमाशिता’ असे म्हणावे लागेल. ‘जिशिन’ म्हणजे भूकंप. ‘आरिमासु’ या रूपातील ‘मासु’च्या जागी ‘माशिता’ (बोलताना जवळजवळ ‘माश्ता’) आले की भूतकाळ सिद्ध होतो. ‘इकिमासु’ (जातो) याचे ‘इकिमाशिता’ होते. नकारार्थी ‘इकिमासेन’पुढे मात्र ‘देशिता’ जोडावे लागते. गेलो, गेली, गेले या सर्वांस एकच रूप पुरते, याचा मराठी शिकविणाऱ्यास हेवाच वाटावा!

आपली अडचण निराळी आहे. ‘गुरुजी आले’ यातील आदर कर्त्यास असतो. त्यामुळे स्वतःविषयी ‘माशिता’ योजताना मराठी विद्यार्थी संकोचण्याचा संभव आहे. वस्तुतः हा आदर ऐकणाऱ्यास उद्देशून असतो. एरवी भूकंपास कोण मान देईल? म्हणून अनोळखी वा वडीलधाऱ्या व्यक्तीपुढे ‘मी गेलो’ हेही ‘इकिमाशिता’च, ‘इत्ता’ हे साधे रूप घरच्यांत व मित्रांत शोभते. कर्त्याचाच मान राखावयाचा असल्यास मूळ क्रियापदच बदलते: ‘सेनसेइ गा इराश्शाइमाशिता’, म्हणजे गुरुजी आले.